हिंदी भाषक बाजारातलं कोल्हापूर

टीव्हीच्या धंद्यात भारताचे दोन भाग करतात. एक दक्षिण, म्हणजे तामिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण. दुसरा म्हणजे उरलेला सगळा देश. या उरलेल्या देशाला ‘हिंदी स्पीकिंग मार्केट’ म्हणतात, रोजच्या बोलण्यात नुसतं एचएसएम. मुंबईत मीडिया प्लॅनिंगच्या नोकरीत मी काही वर्षं काढली आणि ही तीन अक्षरं रोज वाचली, लिहिली, ग्राहकांपुढच्या स्लाइडवर दाखवली. महाराष्ट्र या एचएसएममध्ये येतो. गुजरात येतो, ओडिशा येतो, बंगालही येतो. मी मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला. फुटबॉल विश्वचषकाच्या महिन्यात रात्री साडेबाराच्या सामन्याला आमच्या पेठेत जागी असलेली माणसं त्या तक्त्यात नेमकी कुठे मोजली जातात, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की अंबाबाई आठवते, कुस्ती आठवते, तांबडा-पांढरा आठवतो. फुटबॉल सांगावा लागतो. आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे आहेत. ज्या तालमीत लाल मातीत पोरं घुमतात, तिच्याच नावाची जर्सी घालून अकरा जण शाहू स्टेडियमवर उतरतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे के.एस.ए.ची लीग सुरू असते तेव्हा पेठेतल्या गप्पांना दुसरा विषय नसतो. पाटाकडील आणि दिलबहार यांची गाठ पडली तर स्टेडियमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा मिळत नाही. संघ पेठेचा असतो आणि पेठ जन्मानं मिळते, त्यामुळे इथे पाठिंबा बदलण्याची सोय नाही.

विश्वचषक आला की हीच माणसं ब्राझील आणि अर्जेंटिनात वाटली जातात. थोडे जर्मनीवाले, हल्ली पोर्तुगालवाले. चौकाचौकात डिजिटल फलक लागतात, गल्लीवर झेंड्यांच्या माळा चढतात, भिंती रंगवल्या जातात. हरलेल्या संघाच्या समर्थकाला दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तोंड दाखवणं अवघड होतं. हे वेड मालिका-जाहिरातींतून आलेलं नाही. जो स्वतः खेळला आहे, निदान ज्याचा भाऊ खेळला आहे, त्याचं हे बघणं आहे. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला तेव्हा आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात होता. ते सामने शहरानं डोळ्यांत तेल घालून पाहिले.

आता हे सगळं टीव्हीवर कुठल्या भाषेत ऐकू येतं ते बघा. २०१८ च्या रशियातल्या विश्वचषकाचं भारतातलं प्रक्षेपण सोनीकडे होतं. इंग्रजी आणि हिंदीच्या जोडीला बंगाली आणि मल्याळम समालोचन होतं. २०२० चा युरो करंडक करोनामुळे २०२१ मध्ये झाला. त्या वेळी याच यादीत तमिळ आणि तेलुगूही आल्या. २०२२ च्या कतारच्या विश्वचषकाला स्पोर्ट्स१८ वाहिनी आणि जिओसिनेमा अ‍ॅप होतं. इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम, बंगाली. मराठी तिन्ही वेळा नाही.

२०११ च्या जनगणनेत मल्याळम मातृभाषा सांगणारे साडेतीन कोटींच्या आत आहेत. तमिळ सुमारे सात कोटी. मराठी सव्वाआठ कोटींच्या वर. तेव्हा प्रश्न माणसांच्या संख्येचा नाही. सव्वाआठ कोटींमध्ये फुटबॉल बघणारे थोडे असतील हे मी आधीच मान्य करतो. पण थोडे म्हणजे किती, हे कुणी मराठीत मोजायला बसलेलंच नाही.

मोजणी होते कशी तेही सांगतो, कारण गाठ तिथेच आहे. २०१५ पासून टीव्हीचे आकडे बार्क नावाची संस्था काढते. त्याआधी हे काम टॅम करायची. देशभरातल्या पन्नास हजारांवर निवडक घरांत मीटर बसवलेला असतो. प्रत्येक वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण दिलेलं असतं. बघायला बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. त्या घरांवरून देशाचा अंदाज बांधतात. यात काही काळंबेरं आहे असं मला म्हणायचं नाही, नमुन्यावरून अंदाज काढण्याचं शास्त्र आहे आणि ते चालतं. आकड्यांच्या तक्त्यात ‘महाराष्ट्र-गोवा’ अशी एक ओळही असते. पण कोल्हापुरातल्या घरात हिंदी वाहिनी लागली की ते बघणं हिंदी वाहिनीच्या खात्यावर जातं. मराठीत मिळालं असतं तर त्या घरात आणखी कोण येऊन बसलं असतं, हे मीटरला कळायचा मार्ग नाही. न दाबलेल्या बटणाची नोंद कुठेच होत नाही.

मग वाहिनीच्या बैठकीत चर्चा अशी होते. मराठी फीड, म्हणजे मराठी समालोचनाचं वेगळं प्रक्षेपण, काढायचं का? मराठी फुटबॉलचे आकडे दाखवा. आकडे नाहीत, कारण फीड कधी निघालंच नाही. पुढचा विषय. मी अशा बैठकांना टेबलाच्या दुसऱ्या बाजूला, जाहिरातदाराच्या वतीनं बसलो आहे. महाराष्ट्रासाठी वेगळं काही आहे का, असं मी एकदा विचारलं तेव्हा समोरच्या तरुण मुलानं अगदी सौजन्यानं सांगितलं, “सर, महाराष्ट्र तो एचएसएम में कवर हो जाता है.” तो चुकीचं बोलत नव्हता. त्याच्यापुढच्या तक्त्यात तसंच होतं.

पैशांचं गणितही त्यांच्या बाजूनं आहे, तेवढं सांगायला हवं. क्रिकेटमध्ये षटक संपलं की जाहिरात, गडी बाद झाला की जाहिरात. फुटबॉलमध्ये पंचेचाळीस मिनिटं चेंडू थांबत नाही. सामन्याआधी, मध्यंतरात आणि सामन्यानंतर जे विकता येईल तेवढंच. म्हणून फुटबॉलच्या हक्कांवर प्रत्येक रुपया जपून खर्च होतो. पण नव्या भाषेचा खर्च काय असतो? चित्र आणि मैदानातला आवाज यजमान प्रक्षेपकाकडून तयार येतो. जगभरातल्या वाहिन्या एकच चित्र दाखवतात. आपण भर घालतो ती आवाजाची. दोन-तीन समालोचक, एक निर्माता, एक आवाजबंद खोली आणि एक ध्वनिमार्ग. टीव्हीवर त्यासाठी वाहिनीची जागा लागते हे खरं, पण अ‍ॅपवर तीही अडचण नाही. यादीत आणखी एक भाषा, एवढंच.

बंगालही एचएसएममध्येच आहे. तरी बंगालीला फीड मिळालं. म्हणजे तक्त्यातून बाहेर पडता येतं. बंगाल कसा पडला? मला वाटतं त्याचं उत्तर टीव्हीच्या फार आधी, रेडिओत आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे सामने आकाशवाणीवरून अजय बसू, पुष्पेन सरकार बंगालीतून सांगायचे तेव्हा तिथल्या घरात फुटबॉल कानावाटे शिरला. ज्यांनी मैदान कधी पाहिलं नाही अशा आज्यांना बाहेरचा डावा आणि आतला उजवा कळत होता. २४ सप्टेंबर १९७७ ला पेलेचा कॉसमॉस संघ ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी खेळला आणि सामना २-२ असा सुटला, त्याच्या गोष्टी आजही तिथे काल घडल्यासारख्या सांगतात. या समाजाला बंगालीत विश्वचषक देणं हे वाहिनीचं धाडस नव्हतं. मागणी तयारच होती.

केरळची गोष्ट थोडी वेगळी. दूरदर्शननं १९८६ चा मेक्सिकोचा विश्वचषक थेट दाखवला. मेक्सिकोत भर दुपारी बारा वाजता सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला यायचा. मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध केलेले ते दोन गोल असेच अपरात्री पाहिले गेले आणि मलबारात अर्जेंटिनाचं एक अख्खं गोत्र तयार झालं. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग, म्हणजे आयएसएल सुरू झाली, केरळ ब्लास्टर्स आला (त्याच्या मालकांत आपला सचिन तेंडुलकर होता, ही गोष्ट मला अजून बोचते) आणि मल्याळम समालोचन घराघरात पोचलं. शैजू दामोदरन यांचा आवाज तर केरळबाहेरही फिरला. गोल झाला की ते ज्या पद्धतीनं पेटतात त्याच्या चित्रफिती मल्याळमचं अक्षर न कळणारी माणसं एकमेकांना पाठवतात. २०२२ मध्ये कोळिकोडजवळच्या पुल्लावूर गावात नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे प्रचंड कटआउट उभे राहिले, त्याची दखल फिफानं घेतली. अर्जेंटिना जिंकल्यावर तिथल्या फुटबॉल संघटनेनं ज्यांचे जाहीर आभार मानले त्यांत बांगलादेशाबरोबर केरळचं नाव होतं. ज्या भाषेत आरडाओरडा होतो, ती भाषा दूरवर ऐकू जाते.

बाहेरच्या देशांत बहुभाषक प्रेक्षकांचं काय करतात, हे मला नोकरीमुळे वाचावं लागलं, आणि वाचता वाचता गोडी लागली. स्वित्झर्लंडचा सामना सरकारी वाहिन्यांवर जर्मन, फ्रेंच आणि इटालियन अशा तीन भाषांत दिसतो, बेल्जियमचा डच आणि फ्रेंचमध्ये. ते छोटे देश आहेत, शिवाय तिथे तो सार्वजनिक सेवेचा भाग आहे. आपल्याला जास्त उपयोगी उदाहरण अमेरिकेचं, कारण तिथे सगळा बाजाराचा मामला आहे. विश्वचषकाचे हक्क तिथे इंग्रजी आणि स्पॅनिशसाठी वेगवेगळे विकले जातात. २०१४ मध्ये अमेरिका आणि पोर्तुगाल यांचा सामना इंग्रजीत ईएसपीएनवर सुमारे १ कोटी ८२ लाख लोकांनी पाहिला आणि स्पॅनिशमध्ये युनिव्हिजनवर सुमारे ६५ लाखांनी. बातमी छापून आली ती दोन्हींची बेरीज करून, २ कोटी ४७ लाख. सामना अमेरिकेचा होता, तरी स्पॅनिशचा आकडा कुणी इंग्रजीच्या पोटात घातला नाही. २०२२ चा अंतिम सामना फॉक्सवर इंग्रजीत सुमारे १ कोटी ६८ लाख आणि टेलेमुंडोकडे स्पॅनिशमध्ये सुमारे ९० लाख. इंग्रजी पाहणारे संख्येनं जास्त, पण गंमत पुढे आहे. २०१८ आणि २०२२ च्या हक्कांचा लिलाव २०११ मध्ये झाला तेव्हा स्पॅनिश हक्कांना इंग्रजीपेक्षा जास्त पैसे मोजले गेल्याचं छापून आलं होतं. कमी प्रेक्षकांची भाषा, जास्त किंमत. कारण स्पॅनिश प्रेक्षक पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत बसतो, आपला देश नसला तरी बसतो, घरच्या सगळ्यांना घेऊन बसतो.

तिथल्या स्पॅनिश घरांतल्या पुष्कळ लोकांना इंग्रजी उत्तम येतं. पोरं तर इंग्रजी शाळांतच शिकलेली असतात. तरी कुठल्या वाहिनीनं त्यांना ‘तुम्हाला इंग्रजी समजतंच की’ असं म्हटलं नाही. न्यू जर्सीत माझा आतेभाऊ राहतो. केबल त्यानं कधीच बंद केली, खिडकीत अँटेना लावलाय आणि त्यावर टेलेमुंडो फुकट दिसतं. स्पॅनिशचे चार शब्दही त्याला धड येत नाहीत. तरी तो अँद्रेस कँटोरच्या आवाजातच बघतो. कँटोर जन्मानं अर्जेंटिनाचे, नव्वदच्या दशकात त्यांची लांबलचक ‘गोऽऽल’ची आरोळी अमेरिकाभर प्रसिद्ध झाली. २०२२ चा अंतिम सामना कतारमधल्या लुसैलला अर्जेंटिनानं जिंकला तेव्हा ते माइकवर रडले. भाऊ म्हणाला, “अरे, काय बोलला ते नाही कळलं, पण आपल्या घरातलंच कुणीतरी बोलतंय असं वाटलं.”

या सगळ्या आकड्यांपेक्षा मला एका घरातलं दृश्य जास्त पटवून गेलं. १५ जुलै २०१८, फ्रान्स आणि क्रोएशियाचा अंतिम सामना, आपल्याकडे रात्री साडेआठ. नेरूळला एका मल्याळी सहकाऱ्याच्या घरी आम्ही चार-पाच जण जमलो होतो. त्याची आई जमिनीवर पेपर पसरून दुसऱ्या दिवशीच्या भाजीच्या शेंगा मोडत बसली होती. समालोचन मल्याळममध्ये, कारण रिमोट तिच्याकडे होता. पस्तिसाव्या मिनिटाच्या आसपास क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला चेंडू लागला. पंच कानाला हात लावून उभा राहिला, मग बाजूच्या पडद्याकडे धावत गेला. आम्ही सगळे ‘काय झालं, काय झालं’ करत होतो. काकूंनी शेंग हातात तशीच धरली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत मला सांगितलं: कॉर्नर आला होता, हात शरीरापासून लांब होता, आता पंच स्वतः बघणार, पेनल्टी देणार. व्हिडिओवरून निर्णय तपासायची पद्धत त्या विश्वचषकात पहिल्यांदाच आली होती आणि काकू महिनाभर रोज ती आपल्या भाषेत ऐकत होत्या. पंचानं पेनल्टी दिली. ग्रीझमनच्या गोलनंतर त्या पुन्हा शेंगांकडे वळल्या.

त्या रात्री लोकलमध्ये मला माझी आई आठवत राहिली. आईला फुटबॉल कळतो. आमचं घर पेठेत, मामा दोन हंगाम गोलकीपर होता. तालमीचे सामने हल्ली यूट्यूबवर थेट दिसतात, मराठी कॉमेंट्रीसकट, तेव्हा ती स्वयंपाकघरातून मोबाइल डब्याला टेकवून बघते. कोण जखमी आहे, कुणाला मागच्या सामन्यात लाल कार्ड मिळालं, यंदा कुठल्या संघानं परदेशी खेळाडू आणलाय, सगळं तिला तोंडपाठ. पण विश्वचषक लागला की ती उठून आत जाते. “चालू दे तुमचं,” म्हणते. तिला हिंदी समजत नाही असं नाही, मालिका ती हिंदीतल्याही बघते. पण मालिकेत बाई रडली की कळतं ती का रडते. सामन्यात चेंडू कुठे आहे, कुणाकडे आहे, कशानं अडला, हे पळत्या वेगानं सांगितलेलं कानाला लागायला आपली भाषा लागते. नव्वद मिनिटं कान ताणून बसायचं तर ते काम होतं, करमणूक राहत नाही. रिमोट आपोआप घरातल्या पुरुषांकडे जातो. कोल्हापुरात विश्वचषक बघणाऱ्या बायका कमी दिसतात याचं माझ्या मते हे एक मोठं कारण आहे, आणि कुठल्याही मीटरमध्ये ते सापडणार नाही.

हिंदी समालोचनाबद्दलही एक गोष्ट बोलायला हवी. ते वाईट असतं असं माझं म्हणणं नाही, त्यात मेहनती माणसं आहेत. पण ते फुटबॉलशी नुकती ओळख झालेल्या, क्रिकेटकडून आलेल्या प्रेक्षकासाठी रचलेलं असतं. ऑफसाइड पुन्हा पुन्हा समजावतात, मध्येच शेर येतो, सिनेमाचा संवाद येतो. लखनौ-इंदूरच्या प्रेक्षकासाठी ते कदाचित बरोबर असेल. कोल्हापूरचा प्रेक्षक वेगळा आहे. त्याला लेफ्ट बॅक वर चढल्यावर मागे कोण झाकतंय हे ऐकायचं असतं. गोव्याचंही तेच. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक ज्या भूमीनं देशाला दिला, तिथे कोकणीतही विश्वचषक ऐकू येत नाही. साळगावकर, धेंपो, चर्चिल या तिथल्या संघांचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला टीव्हीवर पर्याय काय, तर इंग्रजी नाहीतर हिंदी. गोव्याची बाजू गोव्याच्या माणसानं मांडावी, ती मला आतून माहीत नाही. पण मोजणीच्या तक्त्यात आम्ही एकाच ओळीत बसतो, म्हणून हा उल्लेख.

१८ डिसेंबर २०२२ ला मी रजा टाकून कोल्हापुरात होतो. तालमीच्या समोर पडदा लावला होता, प्रोजेक्टर कुणाच्या तरी कोचिंग क्लासमधून आणलेला. पडद्यावर हिंदी समालोचन. पंधरा-वीस मिनिटं झाली असतील नसतील, कुणीतरी ओरडलं, “आवाज बंद करा, मामाला माइक द्या!” हे मामा म्हणजे स्थानिक सामन्यांना लाउडस्पीकरवर बोलणारे गृहस्थ. गणपतीतला माइक आला. मामांनी आधी घसा साफ केला, दोन्ही संघांची नावं एकदा नीट वाचून दाखवली आणि सुरू झाले. मेस्सीनं पेनल्टीवर पहिला गोल केला तेव्हा ते जरा अडखळले, चित्र थोडं मागे-पुढे होतं. पण छत्तिसाव्या मिनिटाला त्यांची लय लागली. “मेस्सीनं बाहेरच्या अंगानं ढकलला… अल्वारेझ… उजवीकडनं मॅक अ‍ॅलिस्टर पळतोय, एकटा हाय, डावीकडं मोकळा हाय बघ, दे, दे की… डी मारिया! गोऽऽल!” पेठेत जो आवाज उठला तो मी शाहू स्टेडियमच्या बाहेर कधी ऐकलेला नाही. माइकचा आवाज गल्लीत पोचला होता. मध्यंतरात बघतो तर समोरच्या वाड्यातल्या बायका गॅलरीत उभ्या. उत्तरार्धात त्यांच्यातल्या काही खाली उतरल्या, तालमीच्या पायरीवर जागा करून बसल्या. माझी आई त्यांत होती. एम्बाप्पेनं ऐंशी आणि एक्क्याऐंशीव्या मिनिटाला दोन गोल ठोकले तेव्हा अर्जेंटिनावाल्या पोरांपेक्षा त्याच जास्त हळहळल्या. जादा वेळेच्या अगदी शेवटी कोलो मुआनी एकटा गोलरक्षकासमोर आला आणि मार्टिनेझनं पाय लांब करून अडवला. त्या क्षणी मामा माइकवर काहीच बोलले नाहीत, नुसते “आईगंऽऽ” म्हणाले. समालोचनाच्या कुठल्याही शाळेत हे शिकवत नसतील. पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिना ४-२ नं जिंकला, पुढचं काही ऐकू येण्याची सोय नव्हती.

त्या रात्री जिओसिनेमावर अंतिम सामना ३ कोटी २० लाख लोकांनी पाहिल्याचं नंतर जाहीर झालं. आमचा पडदा त्या आकड्यात धरला असेल तर एक म्हणून. पायरीवरच्या बायका त्यात नाहीत, मामा नाहीत.

मराठीत खेळाचं समालोचन जमणार नाही, असं कुणी म्हणत असेल तर त्यानं बाळ ज. पंडितांचं नाव काढावं. आकाशवाणीवरून त्यांनी मराठी माणसाला क्रिकेट ऐकवलं आणि दोन-तीन पिढ्यांनी ते कान लावून ऐकलं. अलीकडचं उदाहरण हवं तर २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमानं बारा भाषांत समालोचन दिलं, त्यांत मराठी होती. केदार जाधव तिथे मराठीत बोलत होता. हंगाम चालू असतानाच बंगळुरूच्या संघानं त्याला बोलावून घेतलं आणि तो माइक ठेवून थेट मैदानात गेला. म्हणजे यंत्रणा आहे, खोली आहे, मराठी बोलणारी माणसं मिळतात हेही सिद्ध झालेलं आहे. क्रिकेटसाठी जे झालं ते फुटबॉलसाठी व्हायला तांत्रिक अडसर कोणताही नाही.

अडसर आहे तो आपल्याच सवयीचा, आणि याबद्दल मला वाहिन्यांपेक्षा आपल्या लोकांवर जास्त राग आहे. मराठी माणूस दोन्ही भाषांत भागवून घेतो. शहरातला शिकलेला इंग्रजी लावतो, कारण मँचेस्टरच्या संघाविषयी इंग्रजीत बोललं की बरं वाटतं. बाकीचे हिंदी लावतात आणि तक्रार करत नाहीत. बंगाली प्रेक्षक तक्रार करतो. मल्याळी प्रेक्षक तर समालोचकाची एखादी चूक झाली तरी दिवसभर त्यावर लिहितो. आपण विचारतच नाही. पुणे-मुंबईच्या क्रीडापत्रकारांनी हा प्रश्न कधी लावून धरलेला मी पाहिला नाही. कोल्हापूरची दैनिकं के.एस.ए. लीगला पानभर जागा देतात, पण विश्वचषकात मराठी समालोचन का नाही, हे त्यांनीही विचारायला हवं होतं.

सोनीचं मुख्यालय मुंबईत आहे. स्टार आणि जिओ एकत्र येऊन झालेल्या जिओस्टारचंही मुंबईत. मोजणारी बार्कही मुंबईतच. २०२२ च्या विश्वचषकासाठी वेन रूनीला विश्लेषणाला आणलं ते मुंबईच्याच स्टुडिओत. या कचेऱ्यांतल्या ज्या कुणाच्या हातात भाषांची यादी असते, त्यानं के.एस.ए.च्या हंगामातला एक मोठा सामना गाठावा, एवढंच माझं मागणं आहे. तिकीट काढून पायऱ्यांवर बसावं, लाउडस्पीकर ऐकावा, मध्यंतरात आजूबाजूच्या माणसांना विचारावं की विश्वचषक कुठे बघता, कसा बघता, घरात आणखी कोण बघतं. समालोचनाची चाचणी घ्यायची असेल तर माणसं तिथेच भेटतील: निवृत्त खेळाडू आहेत, प्रशिक्षक आहेत, वीस-बावीस वर्षांची पोरं आहेत, जी आजच यूट्यूबवर दर सामन्याला नव्वद मिनिटं न थांबता बोलतात. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री सीएसएमटीहून सुटते आणि सकाळी कोल्हापुरात पोचवते.